संस्थेतील बदलाचे नियोजन आणि नेतृत्व : नाशिक परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखानदार, सिन्नर-गोंदे पट्ट्यातील मनुष्यबळ अधिकारी, शहरातील पतसंस्था व शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आणि दिंडोरी-निफाड भागातील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांच्याकडून माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन उत्तरे एकाच मुद्द्याला येऊन मिळतात, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नवे यंत्र आणले, सॉफ्टवेअर घेतले, लोकांना सांगितले. यात आणखी वेगळे नियोजन ते काय करायचे असते?

यंत्र बसवणे हे एक काम आहे; त्या यंत्रावर उद्यापासून कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणती जुनी सवय सोडून काम करायचे हे ठरवणे हे दुसरे काम आहे. पहिल्या कामासाठी पुरवठादार, वीजजोडणी आणि चाचणी लागते व त्याचे वेळापत्रक प्रत्येक जण करतो. दुसऱ्या कामाचे वेळापत्रक सहसा कोणी करत नाही आणि खोळंबा नेमका तेथेच होतो.

विल्यम ब्रिजेस या अमेरिकन अभ्यासकाने हा भेद नेमक्या शब्दांत मांडला आहे. बदल बाहेर घडतो, संक्रमण माणसाच्या मनात घडते, आणि संक्रमणाची सुरुवात नव्या गोष्टीने होत नाही, तर जुनी गोष्ट संपण्याने होते, असे त्याचे म्हणणे. स्टोअरमधील बिन कार्डे (प्रत्येक खणातील मालाची नोंद ठेवणारी कार्डे) जाऊन बारकोड आला की मालकाला नवी सोय दिसते. कोणता नट कोणत्या रॅकमध्ये आहे हे डोळे मिटून सांगणाऱ्या स्टोअरकीपरला मात्र आपली वीस वर्षांची किंमत एका दिवसात पुसली गेल्यासारखे वाटते. नियोजन करायचे ते या दुसऱ्या घटनेचे.

२. आराखडा करायला बसलो की पानेच्या पाने भरतात. त्यात नेमके काय असायला हवे?

एका पानात न मावणारा आराखडा पाळीवरचा सुपरवायझर वाचणार नाही, हे गृहीत धरूनच लिहावे. काय बदलणार, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या जबाबदारीवर आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, एवढे तर हवेच. त्याबरोबर काय बदलणार नाही हेही स्पष्ट लिहावे, कारण बातमी अपुरी असली की लोक उरलेले भयाने भरून काढतात. हजेरीचे यंत्र बदलत असेल, तर ‘ओव्हरटाइम मोजण्याचा नियम तोच राहील’ हे वाक्य यंत्राच्या माहितीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

परंतु ज्या एका गोष्टीवर माझा सर्वाधिक भर असतो, ती म्हणजे नुकसानीची यादी. या बदलामुळे कोणाचे काय जाणार आहे, हे नावानिशी लिहून काढावे. पैसा हा त्यातील एकच रकाना असतो. ओव्हरटाइम, सोयीची पाळी, बसण्याची जागा, सोबतचा जोडीदार, खरेदीवर सही करण्याचा मान, माहितीवरची पकड, ‘साहेब मला विचारतात’ ही प्रतिष्ठा, हे सर्व रकाने भरावे लागतात. पहिल्या पाळीची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणण्याचा निर्णय कार्यालयात बसून किरकोळ वाटतो. पण इगतपुरीहून येणाऱ्या कामगाराची गाडी चुकते आणि मुलाला शाळेत सोडून येणाऱ्या महिला कामगाराचा सकाळचा सगळा बेत कोलमडतो. यादी हातात असेल तर यांपैकी काही नुकसान भरून देता येते, काही कमी करता येते, आणि जे दोन्ही करता येत नाही ते निदान आधी तोंडावर सांगता येते. ही यादी भिंतीवर लावण्यासाठी नसते. ती तीन-चार जबाबदार व्यक्तींच्या हातीच राहावी.

३. लेविन, कॉटर, अ‍ॅडकार अशा अनेक पद्धती वाचल्या. आमच्या साठ माणसांच्या कारखान्याला कोणती योग्य?

कोणतीही एक घेऊन ती पोथीसारखी वाचू नये. प्रत्येकीतून एखादे हत्यार उचलावे.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचे ‘वितळवणे, हलवणे, पुन्हा गोठवणे’ हे त्रिसूत्र १९४७ मधील लेखात थोडक्यात आले आहे. लेविन त्याच वर्षी वारले आणि त्या थोडक्या उल्लेखावर पुढच्या पिढ्यांनी मोठा डोलारा उभा केला. मला त्यांचा दुसरा विचार अधिक कामाचा वाटतो. कोणतीही परिस्थिती ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या शक्तींच्या तोलावर उभी असते, आणि ढकलण्याचा जोर वाढवला तर ताणही वाढतो, म्हणून आधी अडवणारी शक्ती कमी करावी, असा तो विचार आहे. साठ माणसांच्या कारखान्यात या दोन बाजू कागदाच्या दोन अर्ध्यांवर तासाभरात लिहून होतात.

व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या फसलेल्या प्रयत्नांतून आठ चुका मांडल्या आणि पुढील वर्षी त्यांच्या आठ पायऱ्या केल्या. निकड पटवणे, नेतृत्वाचा गट बांधणे, दिशा ठरवणे, ती सांगत राहणे, अडथळे दूर करणे, लवकर दिसणारे यश मिळवणे, वेग टिकवणे आणि शेवटी बदल संस्थेच्या अंगवळणी पाडणे, असा तो क्रम आहे. लहान कारखान्यात ‘नेतृत्वाचा गट’ म्हणजे मालक, फोरमन आणि हिशेब पाहणारी व्यक्ती. त्यासाठी समितीचे नाव, बोधचिन्ह आणि टी-शर्ट यांची गरज नसते. अ‍ॅडकारचा उपयोग माणूस कोठे अडला आहे याच्या निदानासाठी अधिक होतो. त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

४. बदलाचे सत्तर टक्के प्रयत्न फसतात असे प्रत्येक सादरीकरणात दाखवतात. हे खरे आहे का?

या आकड्याला भक्कम आधार नाही. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ मध्ये केवळ प्रक्रियांच्या पुनर्रचनेविषयी पन्नास ते सत्तर टक्के असा अंदाज मांडला होता आणि तो अशास्त्रीय असल्याचे स्वतःच नमूद केले होते. पुढे त्यातील ‘पन्नास’ गळाले, ‘अंदाज’ हा शब्दही गळाला आणि सत्तर उरले. मार्क ह्यूज या अभ्यासकाने २०११ मध्ये या आकड्याच्या वेगवेगळ्या उगमांची छाननी केली, तेव्हा कोठेही ग्राह्य पुरावा आढळला नाही. सल्लागाराने हा आकडा दाखवल्यास त्याला उगम विचारावा. त्याच्या बाकीच्या आकड्यांचीही किंमत मग लवकर कळते.

५. पगार कमी होत नाही, नोकरी जात नाही, काम सोपे होते. तरीही लोक विरोध का करतात?

लोक बदलाला विरोध करत नाहीत, त्यातून होणाऱ्या नुकसानीला करतात. आणि ते नुकसान पगारपत्रकावर दिसत नाही, म्हणून मालकाला विरोध अकारण वाटतो. नुकसानीची यादी कशी करावी हे प्रश्न २ मध्ये आले आहे. येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण देणे योग्य होईल.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरायचे आणि लोक नोकरी सोडायचे. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नवी पद्धत आणि नवा दर फक्त समजावून सांगण्यात आला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून पद्धत ठरवण्यात भाग घेतला, आणि आणखी दोन लहान गटांत प्रत्येक जण त्यात सहभागी झाला. पहिल्या गटातील १७ टक्के लोक चाळीस दिवसांत काम सोडून गेले आणि उरलेल्यांचे उत्पादन खालीच राहिले. सहभागी गटांतून कोणी गेले नाही आणि संपूर्ण सहभाग असलेल्या गटांचे उत्पादन लवकरच पूर्वीच्या वर गेले.

येथे एक लक्षात घ्यावे की बदल करायचा की नाही, हे त्या कामगारांना विचारलेले नव्हते. तो होणारच होता. कसा करायचा, एवढेच त्यांच्या हाती दिले होते. आपल्याकडील बहुतेक मालक ‘विचारले तर नाही म्हणतील’ या भीतीने ‘कसा’ हा प्रश्नही विचारत नाहीत. याउलट काही जण ठरलेल्या निर्णयावर ‘तुमचे मत काय’ असे विचारण्याचे नाटक करतात. त्यातील दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण पुढच्या वेळी खरोखर विचारले तरी कोणी तोंड उघडत नाही.

६. आमचा फोरमन पंचवीस वर्षांपासून आमच्याकडे आहे, कामात वाकबगार आहे, पण प्रत्येक नव्या गोष्टीला ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ म्हणतो. त्याला बाजूला करावे का?

आधी त्याचे म्हणणे खरे आहे का ते तपासावे. ‘चालणार नाही’ या दोन शब्दांमागे अनेकदा कोणाला न सुचलेली नेमकी अडचण दडलेली असते : अमुक यंत्राचा फिक्श्चर (काम पकडून ठेवणारा साचा) त्या मापाला बसत नाही, रात्रपाळीत त्या कामाचा सेटर (यंत्र जुळवून देणारा कारागीर) नसतो, पावसाळ्यात त्या शेडमध्ये पाणी येते. त्याला एकांतात बसवून ‘कोणत्या तीन ठिकाणी अडेल ते सांग’ असे विचारावे आणि सांगितलेले लिहून घ्यावे. जमलेल्या लोकांसमोर हा प्रश्न विचारू नये. तेथे तो अडचण सांगत नाही, आपली बाजू राखतो.

त्यानंतरही विरोध राहिला, तर प्रश्न मानाचा असतो. फोरमनचे वजन या गोष्टीवर उभे असते की जे इतरांना येत नाही ते त्याला येते. नवी प्रणाली सगळ्यांना एकाच पायरीवर आणून बसवते आणि नव्याने लागलेला डिप्लोमाधारक मुलगा त्याच्यापुढे जातो. म्हणून सुपरवायझर आणि फोरमन यांचे प्रशिक्षण त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या आधी, स्वतंत्रपणे आणि चुका करायला मोकळीक देऊन व्हावे. खालच्या माणसाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले, तर अर्धे काम झाले. माझ्या पाहण्यातील बहुतेक बदल मालकाच्या केबिनमध्ये किंवा कामगारांत अडले नाहीत, ते या मधल्या पायरीवर अडले. आणि प्रशिक्षणाच्या खर्चात नेमकी हीच पायरी वगळलेली होती.

एवढे करूनही जो उघड किंवा आडून खो घालतो, त्याची जबाबदारी बदलावी. ते करताना त्याचा पगार आणि नाव राखावे. पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाला कसे वागवले, ते बाकीचे सगळे पाहत असतात.

७. लोकांना कधी सांगावे? लवकर सांगितले तर अफवा उठतात, उशिरा सांगितले तर विश्वासघात वाटतो.

अफवा सांगितल्यामुळे उठत नाहीत, अर्धवट सांगितल्यामुळे उठतात. निर्णय पक्का झाला की दिवस न दवडता सांगावे, आणि जे ठरलेले नाही त्याविषयी ‘हे अजून ठरलेले नाही, अमुक तारखेला सांगू’ असे म्हणावे. मग ती तारीख मात्र पाळावी, सांगण्यासारखे काही नसले तरीही.

का बदलायचे हे मालकाने किंवा प्रमुखाने स्वतःच्या तोंडून सांगावे. माझ्या कामात काय फरक पडेल हे रोज ज्याच्याशी बोलणे होते त्या सुपरवायझरने सांगावे. आपल्याकडे हे उलटे होते. प्रमुख तपशिलाचे सादरीकरण करतात आणि कारण सुपरवायझरवर सोडतात, ज्याला ते स्वतःलाच कोणी सांगितलेले नसते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकणे म्हणजे सांगणे नव्हे. ती बोलून झाल्यावरची आठवण असू शकते.

केवळ भाषण पुरत नाही, याचा पुरावा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाचा तुटवडा असताना अमेरिकन गृहिणींनी गुर्दा, दिल यांसारखे एरवी टाकाऊ समजले जाणारे भाग रांधावेत, यासाठी लेविन यांनी प्रयोग केला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले, काहींना आपसांत चर्चा करून ठरवू दिले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी नवा पदार्थ करून पाहिला, चर्चा करून ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी. तेव्हा सभेतील भाषणाची वेळ निम्मी करावी आणि उरलेला वेळ आठ-दहा जणांच्या गटांना ‘आपल्या विभागात हे सोमवारपासून कसे करायचे’ यावर द्यावा.

८. नवी पद्धत कोणत्या महिन्यात सुरू करावी? पितृपक्षात करू नये असे आमचे लोक म्हणतात.

हिशेबाशी जोडलेला बदल १ एप्रिलला सुरू करण्याचा मोह सर्वांना होतो. तारीख सोयीची असते, पण मार्चअखेरीच्या धावपळीत चाचणी आणि प्रशिक्षण दोन्ही उरकले जातात. शक्य असेल तर त्यानंतरच्या एखाद्या तिमाहीची सुरुवात निवडावी. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल हा काळ वर्ज्य समजावा. हंगाम भरात असताना प्रतवारीची किंवा नोंदीची पद्धत बदलणे म्हणजे धावत्या गाडीचे चाक बदलणे. मे महिन्यात लग्ने आणि गावाकडच्या रजा, जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आठवड्यात ओस पडलेली शेड, हे सगळे आपल्या वेळापत्रकात आधीच लिहिलेले असावे. त्यात २०२७ चा सिंहस्थ आहेच. २०१५ प्रमाणे याही वेळी मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतात, आणि त्या दिवसांत शहरातील वाहतूक व मालाची ने-आण नेहमीसारखी राहणार नाही. त्या दोन महिन्यांत डिस्पॅचची प्रणाली बदलू नये.

पितृपक्षाविषयी वाद घालण्यात काही मिळत नाही. चाचणी आणि सराव पितृपक्षात उरकावा व प्रत्यक्ष प्रारंभ घटस्थापनेला करावा. लोकांचे मन राखले जाते आणि सरावाला पंधरा दिवसही मिळतात. नवे यंत्र असेल तर खंडेनवमीला बाकीच्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा होते. ते यंत्र ‘आपले’ झाल्याची ती खूण कोणत्याही उद्घाटन समारंभापेक्षा मोठी असते.

९. नवी प्रणाली सुरू झाल्यावर जुनी वही किती दिवस चालू ठेवावी?

दोन्ही समांतर चालवण्याचा हेतू नव्या नोंदी बरोबर येतात का, हे पडताळण्याचा असतो. म्हणून एक पूर्ण चक्र पुरेसे असते : साठ्यासाठी एक महिनाअखेर, पगारासाठी एक वेतनपत्रक, पतसंस्थेसाठी एक महिन्याचा ताळेबंद. बंद करण्याची तारीख सुरू करण्याच्या तारखेबरोबरच जाहीर करावी आणि त्या दिवशी जुन्या वह्या प्रत्यक्ष उचलून कपाटात कुलूपबंद कराव्यात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी नोकरीत असताना एका कारखान्यात स्टोअरची संगणकीय नोंद सुरू केली आणि ‘असू द्या, अडीनडीला उपयोगी पडेल’ म्हणून रजिस्टर राहू दिले. सात महिन्यांनंतर साठा मोजला तेव्हा कळले की लोक रजिस्टरवर विसंबून काम करत होते आणि संगणकात आठवड्यातून एकदा अंदाजाने आकडे भरत होते. लोकांचा दोष नव्हता. दोन वाटा उघड्या असल्या की माणूस पायाखालचीच वाट धरतो.

१०. प्रशिक्षण तीनदा दिले, तरी लोक वापरत नाहीत. आणखी एकदा द्यावे का?

बहुधा नको. जेफ हायट यांच्या अ‍ॅडकार पद्धतीत माणसाच्या बदलाचे पाच टप्पे मानले आहेत : गरजेची जाणीव, करण्याची इच्छा, कसे करायचे याचे ज्ञान, प्रत्यक्ष करण्याची क्षमता आणि टिकून राहण्यासाठी मिळणारे बळ. प्रशिक्षण यांपैकी फक्त तिसऱ्या टप्प्यावर काम करते. कशासाठी हेच पटलेले नसेल, तर चौथ्यांदा शिकवूनही उपयोग होत नाही.

एखाद्याला बाजूला घेऊन ‘करून दाखव’ असे म्हणावे. त्याला करता आले पण तो करत नाही, तर अडचण इच्छेची आहे. प्रश्न ५ पाहावा. करता येत नाही, तर अडचण क्षमतेची आहे आणि तिची कारणे फार साधी असतात. पॅकहाउसमध्ये टॅबवर नोंद करणाऱ्या महिलांचे हात ओले असतात आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत असतात. तीन विभागांत मिळून एकच संगणक असतो आणि पाळी सुटताना त्यापुढे रांग लागते. यावर उपाय प्रशिक्षण नाही; कोरडे फडके, मराठी पडदा आणि दुसरा संगणक हा आहे.

११. पाळ्यांच्या वेळा किंवा कामाची पद्धत बदलण्यापूर्वी कायद्याने कामगारांना नोटीस द्यावी लागते का?

अनेक बाबतींत द्यावी लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती कलम ४० आणि तिसऱ्या अनुसूचीत आली आहे. अनुसूचीतील बाबींमध्ये सेवाशर्ती बदलायच्या असतील, तर बाधित होणाऱ्या कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यापासून एकवीस दिवसांच्या आत तो बदल अमलात आणता येत नाही. वेतन व भत्ते, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ, रजा, स्थायी आदेशांबाहेर (आस्थापनेच्या लेखी सेवानियमांबाहेर) जाऊन पाळ्या सुरू करणे किंवा बंद करणे, रूढ सवलत काढून घेणे, आणि ज्यामुळे कामगार कपात होण्याचा संभव आहे अशी यंत्रांची वा तंत्राची सुधारणा, या बाबी त्यात येतात. कामगारांशी झालेल्या समझोत्यानुसार होणारा बदल हा यातील महत्त्वाचा अपवाद आहे.

‘रूढ सवलत’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे चालत आलेला एखादा चहा किंवा पगाराच्या दिवशी लवकर सुटी कागदावर कोठेही नसते, म्हणून व्यवस्थापन ती सहज बंद करते आणि वाद तेथून पेटतो. आराखड्यात हे एकवीस दिवस सुरुवातीलाच धरावेत. प्रत्यक्ष नोटीस काढताना कामगार कायद्याच्या जाणकाराकडून मसुदा तपासून घ्यावा.

१२. युनियनला आधी सांगावे की कामगारांना? आणि कंत्राटी कामगारांचे काय?

मान्यताप्राप्त युनियन असेल, तर तिच्या पदाधिकाऱ्यांना कामगारांच्या आधी सांगावे, पण फार आधी नव्हे. एक-दोन दिवसांचे अंतर पुरे. आपल्याच सदस्याकडून बातमी कळलेला पदाधिकारी विरोध करण्यावाचून दुसरे काही करू शकत नाही. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्य समिती (व्यवस्थापन व कामगार यांच्या प्रतिनिधींची) असेल, तर ‘कसे करायचे’ ही चर्चा तेथे करता येते. वेतन कराराची बोलणी चालू असताना मात्र स्वतंत्र बदल पुढे रेटू नये. दोन्ही विषय एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक गोष्टीला किंमत लागते.

कंत्राटी कामगारांना वगळणे हा भ्रम आहे, कारण अनेक ठिकाणी यंत्र प्रत्यक्षात तेच चालवतात. त्यांना माहिती आणि प्रशिक्षण त्यांच्या ठेकेदाराला व त्याच्या सुपरवायझरला बरोबर घेऊन द्यावे. सुरक्षिततेशी संबंधित बदल असेल, तर एक दिवसही मागे ठेवू नये.

१३. आमची पतसंस्था आहे. कंपन्यांचे हे नियम आम्हाला लागू पडतात का?

माणसांचे नियम तेच, कागदांचे वेगळे. बदलासाठी उपविधीत दुरुस्ती लागत असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार ती सर्वसाधारण सभेने मंजूर करावी लागते आणि निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत ती अमलात येत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. म्हणजे विषयपत्रिकेत विषय आला नाही, तर विशेष सभा तरी बोलवावी लागते किंवा वर्ष तरी जाते. सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत विश्वस्तांमधील किंवा नोंदीतील बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी ‘आमचा चेंज रिपोर्ट पडून आहे’ म्हणतात तो हा. शाळेतील वेळापत्रक बदलण्याशी त्याचा संबंध नाही.

पतसंस्थांमध्ये सध्या सर्वाधिक विचारला जाणारा बदल म्हणजे रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी प्रतिनिधींनी कार्डावर नोंद करण्याऐवजी हातातील यंत्रावर पावती देणे. सभासदाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. परंतु प्रतिनिधीच्या बाजूने पाहिले, तर दुपारी जमा केलेली रक्कम संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी भरण्याची जी सैल सोय त्याला होती, ती संपते. याविषयी तो कधीच उघड तक्रार करणार नाही. ‘बॅटरी टिकत नाही’, ‘मेन रोडला रेंज नाही’ असे म्हणेल. अशा वेळी प्रत्येक तांत्रिक तक्रार दूर करावी, आणि त्याचबरोबर रोजच्या भरण्याचा नियम एका ठरावीक तारखेपासून कोणताही अपवाद न ठेवता लागू करावा.

१४. वडिलांनी उभा केलेला कारखाना मी तीन वर्षांपासून पाहतो. माझ्यासमोर अण्णा ‘हो’ म्हणतात, पण कामगार त्यांच्याकडे गेले की सूट देतात. काय करावे?

हा प्रश्न अंबड-सातपूरमधून सर्वाधिक येतो. अण्णा तुमच्या विरोधात नाहीत. चाळीस वर्षे ज्या माणसांनी त्यांचे ऐकले त्यांना ‘नाही’ म्हणण्याची त्यांना सवय नाही, आणि त्यांच्याकडे येणारा प्रत्येक कामगार ‘अजून तुम्हीच मालक आहात’ हे त्यांना सांगून जात असतो. नुकसानीच्या यादीत पहिले नाव त्यांचे लिहायला हवे होते.

म्हणून बदलाची घोषणा अण्णांनीच करावी, तुम्ही नव्हे. सूट देण्याचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवावा, मात्र ती लेखी असावी आणि तिला मुदत असावी. सूट लिहून सही करायची म्हटले की तिची संख्या आपोआप घटते. कारखान्यातील एखादा विषय, उदाहरणार्थ जुन्या ग्राहकांचे संबंध किंवा नव्या मुलांची भरती, संपूर्णपणे त्यांच्याकडे असावा आणि त्यात तुम्ही ढवळाढवळ करू नये. लोकांसमोर त्यांचा निर्णय फिरवणे मात्र कधीही टाळावे; त्या दिवशी बदल जिंकला तरी घर हरते.

१५. बदल रुजला आहे हे कसे ओळखावे?

उत्पादन वाढले की नाही, हे लगेच पाहू नये; सुरुवातीच्या आठवड्यांत ते बहुतेकदा घटते. आधी वापर पाहावा : किती नोंदी त्याच दिवशी झाल्या, किती नंतर भरल्या. मग अचूकता पाहावी : प्रत्यक्ष मोजलेला साठा आणि नोंदीतील साठा यांत किती फरक आहे. एक खूण कोणत्याही तक्त्यात येत नाही, पण मी ती विश्वासार्ह मानतो. नवीन लागलेल्या मुलाला जुने लोक जेव्हा नवी पद्धतच ‘आपली पद्धत’ म्हणून शिकवू लागतात, तेव्हा बदल रुजलेला असतो.

१६. सुरू केलेला बदल चुकीचा होता, हे दोन महिन्यांत लक्षात आले. मागे घेतला तर अधिकार कमी होतो असे वाटते.

आधी तो चुकला आहे की नुसता अवघड जात आहे, हे तपासावे. दुसऱ्या महिन्यात दोन्ही सारखेच दिसतात. सुरुवातीला ‘अमुक फरक अमुक तारखेपर्यंत दिसला नाही तर पुन्हा विचार करू’ असे लिहून ठेवले असेल, तर हे ठरवणे सोपे जाते. चूकच असेल, तर ती मागे घ्यावी आणि तसे स्पष्ट सांगावे. कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद अशा अवस्थेत बदल ठेवणे सर्वांत वाईट, कारण त्यातून आदेश पाळला नाही तरी चालते हा धडा मिळतो.

१७. मी विभागप्रमुख आहे. वरून आलेला निर्णय मला स्वतःलाच पटलेला नाही, पण तो मला राबवायचा आहे.

आक्षेप वर लेखी आणि एकदाच मांडावा, कारणांसह. निर्णय कायम राहिला, तर खाली जाऊन ‘मला पटत नाही पण साहेबांचे म्हणणे आहे’ असे सांगू नये. त्या क्षणी तुमच्या हाताखालच्या माणसांना न करण्याची परवानगी मिळते. त्याबरोबरच खोटा उत्साहही दाखवू नये. ‘यावर मी माझे मत दिले होते, निर्णय झाला आहे, आता तो नीट कसा करायचा ते पाहू’ एवढे म्हणता येते आणि लोक त्याचा मान राखतात. सुरक्षितता किंवा कायद्याचे उल्लंघन असेल, तर मात्र हा नियम लागू नाही. तेथे नकारच द्यावा.

१८. एखादा विभाग बंद करायचा असेल, तर ते आधी सांगता येत नाही. मग सहभाग, चर्चा हे सगळे कसे जमायचे?

येथे ‘करायचे का’ यात सहभाग शक्य नसतो, आणि तसा तो दाखवूही नये. परंतु गुप्तता म्हणजे खोटे बोलणे नव्हे. कोणी थेट विचारले, तर ‘तसे काही नाही’ असे उत्तर देऊ नये. ‘या विषयावर मला आज बोलता येत नाही’ असे म्हणावे. प्रश्न ११ मधील नोटिशीचे बंधन गुप्ततेमुळे सुटत नाही, आणि तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते.

सांगण्याच्या दिवसाचा क्रम ताशी ठरवावा. सकाळी संबंधित सुपरवायझर, त्यानंतर लगेच बाधित कामगार समोरासमोर, दुपारपर्यंत बाकीचे सर्व विभाग, आणि संध्याकाळच्या आत ग्राहक व पुरवठादार. रात्रपाळीच्या लोकांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळू देऊ नये. त्यांच्यासाठी प्रमुखाने त्याच रात्री कारखान्यात थांबावे. प्रत्येक बाधित कामगाराच्या हातात त्याच दिवशी त्याच्या नावाचा कागद असावा, ज्यात शेवटची तारीख, मिळणाऱ्या रकमेचा हिशेब आणि दुसऱ्या विभागात जागा असल्यास तिचा तपशील असेल. सभेत ऐकलेले त्या दिवशी कोणाच्याही लक्षात राहत नाही, आणि घरी गेल्यावर विचारले जाणारे पहिले दोन प्रश्न हिशेबाचेच असतात.